वाचू नकोस, बघ

गेली २६ वर्षे मी मुद्रितशोधनाचे काम करते. सदाशिव पेठेतल्या एका छापखान्याच्या माळ्यावर मी हे काम शिकले. तो वाडा आता पडला आहे आणि त्या जागी सहा मजली इमारत उभी आहे. काम मात्र कोथरूडच्या घरी, खिडकीजवळच्या टेबलावर अजून चालू आहे. आमच्या धंद्यात पकडलेल्या चुकांचा हिशेब कोणी ठेवत नाही, सुटलेली एखादी चूक मात्र लोक वर्षानुवर्षे सांगत राहतात. हे मला पहिल्या दिवसापासून ठाऊक होते आणि बरीच वर्षे त्याचा काही त्रासही झाला नाही.

चार वर्षांपूर्वी एका पुस्तकाच्या अर्पणपत्रिकेत दिवंगत व्यक्तीच्या नावातली वेलांटी चुकली आणि ती माझ्या नजरेतून सुटली. प्रकाशकांनी ते पान बदलून घेतले, लेखकाने समजूतदारपणे फोन केला आणि प्रकरण मिटले. माझ्या मनात मात्र ते मिटले नाही. त्यानंतर प्रत्येक वेळी फर्मा, म्हणजे एकत्र छापला जाणारा सोळा पानांचा गट, छपाईला गेला, की रात्री तीनच्या सुमारास मला जाग येऊ लागली. छातीत धडधड, तळहात गार आणि डोक्यात एकच वाक्य: काहीतरी राहिले आहे. मी उठायची, तीच सोळा पाने पुन्हा उघडायची, पहाटेपर्यंत अक्षर अन् अक्षर तपासायची आणि काही सापडले नाही म्हणून तासभर निर्धास्त व्हायची. दोनदा तर मी छापखान्यात रात्रपाळीच्या कामगाराला फोन केला. ‘‘ताई, प्लेटा बरोबर आहेत, झोपा आता,’’ असे तो माणूस इतक्या सौम्यपणे म्हणाला, की मला लाज वाटली. पण दुसऱ्या फोनच्या वेळी तीही आड आली नाही. पुढे हे पुस्तकांपुरते राहिले नाही. मुलगा दुचाकीवरून सिंहगड रस्त्याने येतो, यजमानांच्या रक्ततपासणीचा अहवाल यायचा आहे, गॅसचे बटण बंद केले की नाही, अशा साध्या गोष्टींनाही तीच धडधड लागू झाली.

नेहमीच्या डॉक्टरांनी आधी शरीर तपासले, हे योग्यच केले. ईसीजी काढला, थायरॉइड आणि हिमोग्लोबिन तपासले, पाळी जाण्याच्या वयाबद्दल विचारले; कारण थायरॉइडचे प्रमाण वाढले किंवा अंगात रक्त कमी असले, तरी असेच धडधडते आणि या वयातल्या बाईला रात्री घाम फुटून जाग येण्याची कारणे एकापेक्षा अधिक असतात. सगळे अहवाल ठीक आले, तेव्हा त्यांनी मानसोपचारतज्ज्ञांकडे चिठ्ठी दिली. तिथे या त्रासाला सार्वत्रिक चिंताविकार असे नाव मिळाले. किमान सहा महिने, बहुतेक दिवस, अनेक बाबींविषयी आवरता न येणारी काळजी, आणि तिच्याबरोबर बेचैनी, थकवा, अवघडलेले स्नायू, चिडचिड, उडालेली झोप आणि कामात न लागणारे लक्ष, यांपैकी काही लक्षणे असतील तर हे निदान करतात. माझ्याकडे सगळीच होती. घरी सासूबाई म्हणाल्या, ‘‘अगं, काळजी कोण करत नाही?’’ हा प्रश्न मी जसाच्या तसा डॉक्टरांपुढे ठेवला. त्यांनी सांगितले, की काळजी कशाची आहे हे आम्ही फारसे पाहत नाही. ती खाली ठेवता येते की नाही, हे पाहतो. नातेवाइकांनी मात्र चिंता आणि चिता यांत एका अनुस्वाराचा फरक असतो, हे मला निदान सहा वेळा ऐकवले. अनुस्वार गाळणे हा माझ्या धंद्यात गुन्हा असल्यामुळे मी त्यावर हसू शकले नाही.

एसिटालोप्राम हे औषध सुरू झाले. पहिले दहा-बारा दिवस मळमळ होती, त्यानंतर ती गेली आणि महिनाभराने धार थोडी बोथट झाली. चार महिन्यांनी डॉक्टरांनी औषधाच्या जोडीला माइंडफुलनेसचा, म्हणजे सजगतेच्या ध्यानाचा, आठ आठवड्यांचा वर्ग सुचवला. मी नाक मुरडले. ज्या शहरात दर दुसऱ्या गल्लीत प्राणायामाचा वर्ग आहे, जिथे १९७५ पासून अय्यंगार गुरुजींची योगसंस्था आहे आणि तासाभराच्या अंतरावर लोणावळ्यात १९२४ पासून कैवल्यधाम आहे, तिथे हे अमेरिकेहून परत आलेले ध्यान पैसे देऊन शिकायचे, ही कल्पना मला विनोदी वाटली होती.

विनोद बाजूला ठेवून थोडी माहिती काढली, तेव्हा हा प्रवास मला वाटला त्यापेक्षा अधिक सरळ निघाला. जॉन कबाट-झिन हे मूळचे रेण्वीय जीवशास्त्राचे अभ्यासक. झेन, विपश्यना आणि हठयोग यांचा स्वतः सराव केल्यावर त्यांनी १९७९ मध्ये मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या वैद्यकीय महाविद्यालयात ताण कमी करण्यासाठी एक अभ्यासक्रम सुरू केला. औषधोपचारांनी ज्यांना पुरेसा उतार पडत नव्हता, अशा दीर्घकाळ दुखणी असलेल्या रुग्णांना तिथे पाठवत असत. आठ आठवडे, आठवड्यातून एकदा सुमारे अडीच तासांचा वर्ग, मध्ये एक पूर्ण दिवस मौनाचा आणि रोज घरी ४५ मिनिटांचा सराव, हा त्याचा साचा आजही फारसा बदललेला नाही. देवधर्म, मंत्र, गुरू यांपैकी त्यात काही ठेवलेले नाही. याबद्दल कोणाला तक्रार असेल तर ती मला समजते. पण छातीत धडधडणाऱ्या माणसाला कोणत्याही श्रद्धेची अट न घालता उपचार मिळावा, हेही मला पटते.

शब्दाबद्दल मात्र थोडे थांबावेसे वाटते. माझ्या पेशाला ते सुटत नाही. पाली भाषेतला मूळ शब्द ‘सति’, म्हणजे संस्कृतातला ‘स्मृति’. ऱ्हिस डेव्हिड्स या पाली पंडितांनी १८८१ मध्ये त्याला ‘माइंडफुलनेस’ हा इंग्रजी प्रतिशब्द वापरला आणि तोच पुढे रूढ झाला. मराठीत त्याला ‘सजगता’ म्हणण्याची पद्धत पडली आहे. मला तो शब्द जरा कोरा वाटतो. कीर्तनकार श्रोत्यांकडे मागतो ते ‘अवधान’ अधिक जवळचे आहे आणि ‘भान’ त्याहूनही जवळचे. कारण आपण भानावर येतो, म्हणजे आधी कुठेतरी गेलेलो असतो, हे त्या शब्दातच आहे. आणखी एक शब्द आहे, ‘शुद्ध’. माणसाची शुद्ध हरपते, तो शुद्धीवर येतो आणि लेखन शुद्ध असते. ही जोडी माझ्या लक्षात इतक्या वर्षांत कधी आली नव्हती. ती वर्गात डोळे मिटून बसले असताना आली, आणि त्यामुळे त्या दिवशीचे पुढचे दहा मिनिटांचे ध्यान वाया गेले.

वर्ग म्हात्रे पुलाच्या अलीकडे, नदीच्या बाजूला एका इमारतीच्या दुसऱ्या मजल्यावर भरायचा. दर शनिवारी संध्याकाळी पाच ते साडेसात. आम्ही चौदा जण होतो: दोन संगणक अभियंते, एक निवृत्त बँक अधिकारी, एक रिक्षाचालक ज्यांना त्यांच्या मुलीने आणून बसवले होते, स्पर्धा परीक्षेचा एक विद्यार्थी, बाकी माझ्यासारख्या मध्यमवयीन स्त्रिया. शिकवणाऱ्या मॅडम चिकित्सा मानसशास्त्राच्या होत्या. पहिल्या दिवशी त्यांनी प्रत्येकाच्या तळहातावर एकेक बेदाणा ठेवला आणि तो आयुष्यात पहिल्यांदा पाहत असल्यासारखा बघायला, हुंगायला, कानाशी धरून दाबायला आणि मगच तोंडात ठेवायला सांगितले. जगभर हा वर्ग याच बेदाण्याने सुरू होतो, असे नंतर कळले. आमच्यातल्या एक बाई तासगावच्या होत्या. त्यांनी बेदाणा बोटांत फिरवून त्याची प्रत, सुकवण आणि बहुधा भावही सांगून टाकला. मॅडम हसून म्हणाल्या, ‘‘बघा, तुमचा बेदाणा अजून हातातच आहे आणि तुम्ही बाजारात जाऊन आलात.’’ त्या बाईंना हे लागले की नाही, कोण जाणे, मला लागले.

कारण हेच वाक्य मी माळ्यावर ऐकले होते. ज्यांनी मला काम शिकवले त्यांना सगळे अण्णा म्हणत. सुरुवातीला मी मुद्रिते वाचताना कादंबरीत गुंतून जायची आणि चुका सुटायच्या. अण्णा समासावर बोट ठेवून म्हणायचे, ‘‘पोरी, वाचू नकोस, बघ.’’ मुद्रितशोधकाने अर्थाच्या मागे जायचे नसते. अर्थ डोळ्यांना पुढे ओढतो, आणि ओढलेले डोळे ‘पाणी’ हा शब्द अपेक्षित असेल तिथे ‘पाणि’ असले तरी ‘पाणी’च वाचतात. म्हणून ओळ ही फक्त अक्षरांची रांग म्हणून बघायची, एकेका अक्षरावर थांबायचे आणि कथानकाने हाक मारली तरी जायचे नाही. हे कौशल्य माझ्याजवळ पाव शतक होते. ते फक्त कागदावरच्या ओळींसाठी आहे, अशी माझी समजूत होती.

‘काहीतरी राहिले आहे’ हीदेखील एक ओळच आहे. ती आली की मी तिच्या अर्थाच्या मागे धावायची: काय राहिले, कोणत्या पानावर, कोण काय म्हणेल, पुढचे काम मिळेल का, वगैरे. थॉमस बोर्कोवेक या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी काळजी या विषयावर अनेक वर्षे काम केले. त्यांची मांडणी अशी, की काळजी ही मुख्यतः शब्दांत चालते, चित्रांत कमी. आणि शब्दांच्या या अखंड बडबडीमुळे भीतीची खरी, शारीरिक जाणीव दूर राहते. म्हणजे काळजी करणारा माणूस भीतीत बुडालेला असतो असे वरून दिसते. प्रत्यक्षात तो भीतीला सामोरे जाणे टाळत असतो. त्यात भर अशी, की काळजी हे काम केल्यासारखे वाटते. रात्री तीन वाजता सोळा पाने तपासणारी बाई स्वतःला आळशी समजत नाही. तपासल्यावर तासभर बरे वाटते, आणि त्या तासाभराच्या बरे वाटण्यामुळेच दुसऱ्या रात्री पुन्हा उठावेसे वाटते.

हे समजणे वेगळे आणि जमणे वेगळे. पहिले दोन आठवडे शरीर-निरीक्षणाचे होते. सतरंजीवर उताणे पडायचे आणि डाव्या पायाच्या अंगठ्यापासून सुरुवात करून टाळू येईपर्यंत एकेका अवयवात काय जाणवते ते बघत जायचे. काही जाणवले नाही तर जाणवत नाही, एवढे बघायचे. पाऊण तास. रिक्षावाले काका तिसऱ्या मिनिटाला घोरू लागायचे. बँकेचे अधिकारी त्यामुळे अस्वस्थ व्हायचे. मी झोपत नव्हते. मी गुडघ्यापाशी पोचेपर्यंत ‘हे मी बरोबर करते आहे का’ याची तपासणी सुरू करायची. मॅडमना सांगितले तर त्या म्हणाल्या, की हाही विचारच आहे, तो आला हे बघा आणि गुडघ्यावर परत या. ‘परत या’ हे शब्द त्यांनी आठ आठवड्यांत किती वेळा उच्चारले असतील याची गणती नाही, आणि एकदाही त्यात कंटाळा ऐकू आला नाही.

तिसऱ्या आणि चौथ्या आठवड्यात त्रास वाढला, हे इथे मुद्दाम लिहून ठेवते, कारण जाहिरातींमध्ये ते नसते. श्वासाकडे लक्ष दिले की श्वास अडखळायचा, हृदयाकडे लक्ष गेले की ते जोरात पळायचे. ज्या माणसाने वर्षभर शरीराकडे पाठ फिरवलेली असते, त्याला त्याच्याकडे तोंड करून बसवले तर सुरुवातीला असे होणारच. मॅडमनी माझा सराव पाऊण तासावरून दहा मिनिटांवर आणला, डोळे उघडे ठेवायला सांगितले आणि श्वासाऐवजी फरशीवर टेकलेल्या तळपायांकडे लक्ष द्यायला लावले. जाणकार शिक्षकाचा उपयोग मला त्या आठवड्यात कळला. मोबाइलमधल्या ॲपला माझा चेहरा दिसला नसता.

पाचव्या आठवड्यात जुलै संपत आला होता, आणि पुण्यात जुलै संपत आला की नदीपात्रात काय सुरू होते, हे सांगायला नको. ढोल-ताशा पथकांचा सराव. शनिवारी पावणेसहाच्या सुमारास आम्ही डोळे मिटून बसलो आणि खालून पहिला ढोल पडला. मग दुसरा, मग तीस-चाळीस एकदम. बँकेच्या अधिकाऱ्यांनी उठून खिडक्या लावून घेतल्या. मॅडमनी त्या पुन्हा उघडल्या. मला वाटले, आता आवाजाचा स्वीकार करा वगैरे सांगतील. त्या म्हणाल्या, ‘‘आवाज कानाला कसा वाटतो ते सोडा. तो शरीरात कुठे पडतो, तेवढे बघा.’’

तो छातीत पडत होता. बरोबर मध्यभागी, छातीच्या हाडाच्या मागे, जिथे रात्री तीन वाजता धडधडते त्याच जागी. ढोलाचा प्रत्येक ठोका तिथे एक धक्का देत होता, आणि तो धक्का माझ्या ओळखीचा होता. विसर्जनाच्या मिरवणुकीत अलका चौकात मी लहानपणापासून या धक्क्यात तासन्‌तास उभी राहिले आहे, वडिलांच्या खांद्यावर बसून आणि नंतर मुलाला खांद्यावर घेऊन; त्या हादऱ्यासाठीच तर माणसे तिथे उभी राहतात. छातीला त्या दोन्हींतला फरक कळत नव्हता. फरक शेजारी लिहिलेल्या शब्दांत होता. एका हादऱ्याशेजारी ‘गणपती बाप्पा मोरया’ लिहिलेले होते आणि दुसऱ्याशेजारी ‘काहीतरी राहिले आहे’. मजकूर वेगळा आणि समासातला शेरा वेगळा, हे ज्या बाईने आयुष्यभर सांभाळले, तिला स्वतःच्या छातीच्या बाबतीत शेरा हाच मजकूर वाटत आला होता. मी त्या दिवशी वर्ग सुटल्यावर नदीपात्रात उतरले आणि पथकापासून पन्नास पावलांवर अर्धा तास उभी राहिले. तिथे ताशा वाजवणारी एक मुलगी होती, बहुधा महाविद्यालयातली. तिचे मनगट मी बराच वेळ पाहत होते.

इथे माझ्या पेशाची सोबत संपते, आणि खरी अडचण तिथून सुरू होते. मुद्रितशोधक बघतो तो दुरुस्त करण्यासाठी. हातात लाल पेन असते. चूक दिसली की काट मारायची, समासात खूण करायची. मी विचारांकडेही तशीच बघू लागले. भीतीचा विचार दिसला, की आता तो काढून टाकायचा. निघाला नाही, की सराव कमी पडला. सजगतेत बघायचे असते, पण दुरुस्त करायचे नसते. ओळ चुकीची असली तरी ती तशीच राहू द्यायची, खूण न करता पुढच्या ओळीवर जायचे. माझ्या हाताला हे अजूनही पुरते जमत नाही. मन शांत व्हावे म्हणून ध्यान केले, की ‘शांत झाले का’ ही तपासणी सुरू होते आणि ती तपासणी म्हणजे पुन्हा रात्री तीन वाजता उघडलेली सोळा पाने. मॅडम एकदा म्हणाल्या, ‘‘तुम्हाला शांत करणे हे माझे काम नाही. धडधडत असताना तुम्ही काय करता, ते बदलणे हे आपल्या दोघींचे काम आहे.’’ बाजारात ज्या नावाखाली समईच्या ज्योतीची चित्रे आणि पाण्याच्या खळखळाटाचे ध्वनिमुद्रण विकले जाते, त्या वस्तूचा या वाक्याशी काही संबंध नाही, असे माझे मत झाले आहे.

आकडे न तपासता काही मान्य करण्याची मला सवय नाही, म्हणून पुरावे पाहिले. कबाट-झिन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९२ मध्ये चिंताविकार आणि घबराटीचे झटके असलेल्या २२ रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यातल्या २० जणांची चिंता आणि खिन्नता लक्षणीय कमी झाली. आकडा आकर्षक आहे, पण उपचार न घेतलेला तुलनेचा गट त्यात नव्हता, आणि २२ माणसे म्हणजे एक लहान बस. २०१४ मध्ये ध्यानाच्या ४७ चाचण्यांचा, म्हणजे एकूण ३,५१५ सहभागींचा, एकत्रित आढावा प्रसिद्ध झाला. चिंतेवर अल्प ते मध्यम स्वरूपाचा उपयोग होतो, असे त्यात आढळले. मात्र औषध, व्यायाम किंवा वर्तनोपचार यांच्यापेक्षा ध्यान सरस असल्याचा पुरावा मिळाला नाही. हा निष्कर्ष मला प्रामाणिक वाटतो आणि टेकडीवर रोज सकाळी चढणाऱ्या माझ्या यजमानांना तो फारच आवडला.

माझ्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाची चाचणी २०२२ च्या अखेरीस प्रसिद्ध झाली, कारण ती माझ्याच गोळीविषयी आहे. अमेरिकेतल्या तीन शहरांमध्ये चिंताविकार असलेल्या २७६ प्रौढांची चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे दोन गटांत विभागणी केली. एका गटाला एसिटालोप्राम दिले आणि दुसऱ्याला कबाट-झिन यांचा आठ आठवड्यांचा अभ्यासक्रम. कोण कोणत्या गटात आहे हे ठाऊक नसलेल्या तज्ज्ञांनी सात अंकांच्या श्रेणीवर आजाराची तीव्रता मोजली. पूर्ण करणाऱ्या २०८ जणांमध्ये औषधाच्या गटात ती सरासरी १.४३ ने आणि ध्यानाच्या गटात १.३५ ने उतरली. आधी ठरवलेल्या मर्यादेत ध्यान औषधापेक्षा कमी पडले नाही, एवढाच त्याचा नेमका अर्थ. किमान एक तरी त्रासदायक परिणाम नोंदवणारे औषधाच्या गटात ७८.६ टक्के होते आणि ध्यानाच्या गटात १५.४ टक्के.

वृत्तपत्रांनी याची बातमी ‘ध्यान गोळीइतकेच गुणकारी’ अशी केली. शीर्षक चुकीचे नाही, पण त्याखाली बरेच सुटते. काहीही उपचार न घेणारा किंवा खोटी गोळी घेणारा तिसरा गट या चाचणीत नव्हता. आपण काय घेतो आहोत हे रुग्णांना ठाऊक होते, आणि ते असणारच. ध्यान करतो आहोत हे माणसापासून लपवणार कसे? आणि ज्या ‘ध्याना’ची तुलना झाली ते आठवड्याला अडीच तास शिक्षकासमोर आणि रोज ४५ मिनिटे घरी, असे होते. हिंजवडीच्या वाहतुकीत दीड तास काढून आलेल्या माणसांना कंपनीने दुपारी जेवणानंतर तासभर डोळे मिटून बसवायचे आणि त्याच चाचणीचा हवाला द्यायचा, हे मला अर्पणपत्रिकेतल्या वेलांटीपेक्षा मोठे चुकल्यासारखे वाटते. गोळी दिवसाला एक घोट पाणी मागते. हा उपचार पाऊण तास मागतो, आणि तो पाऊण तास स्वयंपाक, सासूबाईंचे औषध आणि कामाची मुदत यांतून काढावा लागतो. आमच्या चौदांपैकी शेवटपर्यंत नऊ जण राहिले. रिक्षावाले काका त्यात होते, विद्यार्थी नव्हता.

पुण्यात हा विषय काढला, की कोणीतरी लगेच विपश्यनेला जा म्हणते. विपश्यना शिकवणारे सत्यनारायण गोएंका १९६९ मध्ये ब्रह्मदेशातून भारतात आले, १९७६ मध्ये इगतपुरीला धम्मगिरी हे केंद्र उभे राहिले आणि आज स्वारगेटजवळ व आळंदीपलीकडे मरकळलाही केंद्रे आहेत, त्यामुळे हा सल्ला देणे सोपे झाले आहे. माझ्या मैत्रिणीने दहा दिवसांचे शिबिर दोनदा केले आहे आणि तिला त्याचा मोठा आधार आहे. पण ते शिबिर म्हणजे उपचार नव्हे, आणि तसा दावा ती मंडळीही करत नाहीत. प्रवेशअर्जात मानसिक आजारांविषयी विचारतात आणि गंभीर आजार असलेल्यांना येऊ नये असेच सांगतात. ज्याला दहा मिनिटे स्वतःच्या धडधडीसोबत बसवत नाही, त्याने रोज दहा तास मौनात बसण्यापासून सुरुवात करावी, हे मला तरी धाडसाचे वाटते. जुना मानसिक आघात, भास-भ्रम किंवा जीव देण्याचे विचार असतील, तर आठ आठवड्यांचा वर्गसुद्धा डॉक्टरांना विचारल्याशिवाय सुरू करू नये. अशा वेळी टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ या क्रमांकावर दिवसरात्र मराठीतून बोलता येते.

माझे औषध बंद झालेले नाही. डॉक्टरांनी मात्रा निम्म्यावर आणली आहे, तीही कित्येक आठवडे घेऊन हळूहळू, कारण हे औषध एकदम सोडले तर चक्कर, चिडचिड आणि झोपेचे हाल होतात. बरे वाटण्याचे श्रेय गोळीचे किती आणि सतरंजीचे किती, याचा निवाडा माझ्या एकटीच्या अनुभवावरून होणार नाही. सराव आठवड्यातून पाचेक दिवस होतो, बहुधा वीस मिनिटे. पाऊण तास फक्त रविवारी, सासूबाई कीर्तनाला गेल्या की. फर्मा बघताना त्याचा एक अनपेक्षित फायदा झाला: मान आणि जबडा आवळला, की ते आता लक्षात येते, आणि तिथे दोन श्वास थांबले की पुढच्या पानावर चुका कमी सुटतात. सासूबाई याला ‘तिची समाधी’ म्हणतात आणि त्या वेळात मिक्सर लावत नाहीत. त्यांच्या लेखी ही फार मोठी सवलत आहे.

गेल्या महिन्यात एका चरित्राचा शेवटचा फर्मा गुरुवारी छपाईला गेला. रात्री तीन वाजून दहा मिनिटांनी जाग आली. पान २१७, वरून दुसरी ओळ, तिथले सन. छातीत ढोल सुरू झाला होता. उठले, पाणी प्यायले. लॅपटॉप टेबलावर होता आणि त्याचा लहानसा दिवा लुकलुकत होता. त्याच्याकडे मी बराच वेळ पाहत उभी राहिले. मग येऊन पडले आणि डाव्या पायाच्या अंगठ्यापासून सुरुवात केली. गुडघ्यापर्यंत पोचले की नाही, ते आठवत नाही. सकाळी चहा झाल्यावर पान उघडले. सन बरोबर होते. त्याच पानावर, खालून चौथ्या ओळीत, ‘दिन’ या शब्दाचा ‘दीन’ झालेला होता आणि फर्मा तोवर छापून झाला होता. प्रकाशकांना शुद्धिपत्रात घालण्यासाठी कळवले आणि पुढच्या पुस्तकाची पहिली सोळा पाने समोर ओढली.